खाली बसणाऱ्या बायका

बुटांच्या कारखान्याच्या अंगणात ही गर्दी. मधोमध सोल चिकटवणारी एक पोरगी लोळत होती. मधेच खदाखदा हसायची, मधेच जड जिभेने बरळायची. फुंकरबाबा वाकला आणि तिच्या तोंडावर फूऽ करून ओरडला, "कोण आहेस? नाव सांग! नाही सांगत? मग चालती हो, मला आणखी गिऱ्हाइकं आहेत!"

थोड्या वेळाने पोरगी उठून बसली, पाणी मागू लागली. गर्दीने हात जोडले. गोंदाच्या शेडमध्ये हल्ली रोज कुणाच्या तरी अंगात यायचं, आणि बाबाची फुंकर दर वेळी लागू पडायची.

"काय इंजिनियरबाई," मावशीने भाचीला कोपराने ढोसलं, "आहे का हे तुझ्या पुस्तकात?"

भाची कारखान्याची सुरक्षा इंजिनियर. आई गेल्यावर मावशीने तिला सांभाळलं, याच शेडमध्ये गोंद लावून शिकवलं.

"मावशी, तू थोडे दिवस रजा घे."

"आणि गोंद कोण लावणार? तुझा नवरा? आधी शोध तरी!"

भाची तडक मॅनेजरकडे गेली. "साहेब, शेडचे एक्झॉस्ट पंखे बंद आहेत. गोंदातल्या रसायनाची वाफ कोंडतेय. बायकांना भूत नाही, वाफ धरतेय."

"पंखे लावले की वाऱ्याने गोंद आधीच सुकतो, सोल उचकटतात. आणि मी रोज शेडमध्ये फिरतो. मला कुठे काय होतं?"

"तुम्ही उभे असता..."

"एवढी ऑर्डर जाऊ दे. मग बघू."

ती घरी गेली. मॅनेजरच्या वर मालक होते, बाहेर सरकारी तपासनीस होता. तिने कुणालाच कळवलं नाही. एवढी ऑर्डरच तर जायची होती.

अंगात आलेल्या बाईला अंगणात न्यायचं म्हणजे सगळ्यांचं काम थांबायचं. म्हणून मॅनेजरने हुकूम काढला: बाबाने यापुढे शेडमध्येच फुंकर मारावी. बाबाला काय, आत काय नि बाहेर काय!

दुसऱ्याच दिवशी मावशी हसायला लागली. बाबाने तिला तिथेच जमिनीवर निजवलं. "आडदांड भूत आहे. कुणी हात लावायचा नाही!" तो उभ्याने मंत्र पुटपुटत राहिला. भाची गोदामातून धावत आली, बाबाला ढकलून तिने मावशीला अंगणात ओढलं. तोवर मावशीचे ओठ निळे पडले होते. भाचीने हाका मारल्या, गाल थोपटले, छाती दाबली. मावशी उठली नाही.

"भूत सूडावर उतरलं," बाबा म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

दहनानंतर दोन दिवसांनी मावशीचा डबा घ्यायला भाची शेडमध्ये आली, तर काम चालू आणि पंखे बंद! मावशीच्या पाटावर दुसरी बाई बसली होती आणि तिची मान लटपटत होती.

"बाबाला बोलवा!" कुणीतरी ओरडलं.

भाचीने डबा टाकला, बाईच्या काखेत हात घालून तिला अंगणात आणलं. मंत्र नाही, फुंकर नाही. बाबा धापा टाकत फाटकात पोचला, तेव्हा बाई पाणी पीत होती.

"बघा!" भाचीचा आवाज फाटला. "ही वाफ हवेपेक्षा जड. ती खाली साचते. पुरुष सोल दाबायच्या यंत्रावर उभे, साहेब उभे, हा बाबाही उभाच. बायका तेवढ्या जमिनीलगत बसून ती ओढतात. बाहेर आणलं की मोकळी हवा मिळते, म्हणून शुद्धीवर येतात. फुंकरीने नाही. माझ्या मावशीला यांनी त्या वाफेतच निजवलं!"

तिने सगळ्यांसमोर तपासनिसाला फोन लावला.

"नोकरी जाईल," मॅनेजर हळूच म्हणाला.

"जाऊ दे."

फोनवर तिने सगळं सांगितलं. सांगून व्हायला फारसा वेळ लागला नाही. साहेब "मग बघू" म्हणाले त्या दिवशीही तिला तेवढा वेळ होता, हे तिला फोन ठेवताना कळलं, आणि शेडमध्ये पडलेला मावशीचा डबा आणायला ती आत गेली.

फुंकरबाबा भामटा होता. पण भामट्याला मंत्रच येतात. ज्यांना वाफ कळते, पंखा कळतो, त्यांनी "मग बघू" ऐकून घरी जायचं नसतं. साहेब ऐकत नसेल तर त्याच्या वर सांगा, तिथे ऐकत नसतील तर बाहेर सांगा. आणि तुमच्या शेजारचं माणूस भोवळ येऊन पडलं तर भूत शोधू नका. आधी त्याला मोकळ्या हवेत न्या, मग डॉक्टरकडे न्या, आणि मग विचारा, पंखे कुणी बंद केले?