कुंकवानं बुजलेला माझा कान

होय, मीच बोलतोय. स्टेअरिंगच्या बाजूला चिकटवलेली, काडेपेटीएवढी काळी डबी. माझं खरं नाव हँड्सफ्री, पण इथं पालमात सगळे मला ब्लूटूथच म्हणतात. आजवर दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडं पोचवलं, आज जरा माझं ऐका. आणि मधे बोलू नका, आधीच माझं डोकं फिरलंय.

कारखान्यात मला घडवलं ते एकाच कामासाठी. गाडी चालवणाऱ्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर राहावेत आणि फोनवरचं बोलणंही व्हावं. माझ्या तोंडावर सुईनं टोचल्यासारखी तीन बारीक भोकं आहेत. तो माझा कान. गाडीतला माणूस बोलतो ते मी तिथून ऐकतो आणि पलीकडच्याला पोचवतो. एवढं सरळ काम, पण माणसं ते धड करू देतील तर ना!

माझा पहिला मालक दत्तराव, सेलूचा कापूस व्यापारी. त्यानं मला हौसेनं बसवलं आणि वापरलं कशाला? गाणी वाजवायला! पुतण्याच्या लग्नात जो गाडीत बसला त्यानं आपापला फोन मला जोडला. मला पाचच फोन ध्यानात ठेवता येतात, ती जागा त्या वऱ्हाडानंच भरली. पुढं गाडी विकताना दत्तरावानं आरशाला टांगलेला गणपती नेला, डिकीतली चटई नेली. ती पाच नावं मात्र माझ्या डोक्यात तशीच ठेवून गेला.

गाडी घेतली पालमच्या महारुद्रनं. पाण्याच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे, त्यामुळं दिवसभर फोन वाजत असतो. त्याच्या बायकोनं, राजेश्रीनं, एकच अट घातली होती. "फोन कानाला लावून चालवणार असताल तर गाडी दारात आणूच नका." अटीला कारण होतं. तिचे सासरे माणिकराव तीन वर्षांमागं शेतातून सायकलवर येत होते, तेव्हा फोनवर बोलत चाललेल्या एका जीपवाल्यानं त्यांना उडवलं. तेव्हापासून पायात सळई आणि हातात काठी.

आता सांगा, ज्या घराला माझी एवढी गरज, त्यानं मला नीट तपासून घ्यावं की नाही? महारुद्रनं टायरला लाथा मारल्या, बॉनेट उघडून इंजिनाला कान लावला, एसी लावून हात धरून बघितला. माझ्याबद्दल फक्त विचारलं, तेही दत्तरावाला. "ब्लूटूथ हाय ना?" "हाय की!" झालं, संपली माझी चौकशी.

गाडी दारात आली आणि पूजा मांडली. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फुटला. महारुद्रची आई कमलबाई ताट घेऊन आत वाकल्या. स्टेअरिंगला कुंकू, काचेला कुंकू. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हे बारकं काय हाय रं?"

"फोनचं हाय, माय."

"मग ह्याला बी लावते. उगं एकटंच राहायला नको."

आणि ओल्या कुंकवाचं बोट त्यांनी दाबून माझ्या कानात घातलं! वरून अक्षता. अहो, तुमच्या कानात कुणी कुंकू कोंबलं तर बसाल का गप? मी बसलो. मला करता काय येतंय?

दुसऱ्या दिवशी राजेश्रीनं महारुद्रचा फोन जोडायला घेतला. माझ्या डोक्यात जागा कुठं होती? त्या पोरीला मात्र धीर आहे. मोबाइलच्या दुकानदाराला विचारून तिनं माझी दोन्ही बटणं दहा सेकंद दाबून धरली, तशी वऱ्हाडाची पाचही नावं पुसली गेली. लय हलकं वाटलं. मग फोन जोडला आणि ती आनंदानं घरात पळाली, तिथून फोन लावायला. महारुद्र गाडीतून "हॅलो, हॅलो" ओरडत होता. तिला एक शब्द ऐकू जाईना. वाळलेल्या कुंकवानं माझा कान पार बुजला होता.

"भंगार हाय हे," म्हणत महारुद्रनं मला दोन चापट्या मारल्या. काय बिघडलंय हे वाकून बघायचं कुणाला सुचलं नाही. चार दिवसांत त्याचा फोन पुन्हा कानाला लागला. घरी राजेश्रीला सांगायचा, "ब्लूटूथवरच बोलतो." माझ्या नावावर खोटं!

मग तो दिवस आला. माणिकरावांचा पाय डॉक्टरला दाखवायला तो त्यांना गंगाखेडला घेऊन निघाला होता. वाटेत फोन वाजला. "मोटार कधी देता?" बाप शेजारी होता म्हणून त्यानं आधी माझ्यातून उत्तर दिलं. पलीकडून, "आवाजच येईना." त्यानं मला चापट मारली आणि फोन उचलला. वळणावर कडेनं एक म्हातारा सायकलवर चालला होता.

"ए, बघ, बघ!" माणिकराव किंचाळले.

ब्रेक लागला. सायकल आडवी झाली, म्हातारा धुळीत बसला. लागलं काही नव्हतं. माणिकरावांनी काठी टेकत उतरून त्याला उभं केलं. मग वळून पोराला म्हणाले, "तीन वर्षं त्या जीपवाल्याला शिव्या देतोय मी. तो माझ्याच घरात जेवायलाय की रं!"

"दादा, ते ब्लूटूथच खराब हाय..." महारुद्र बापाला म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! माणिकराव मात्र आत बसले आणि डोळे बारीक करून त्यांनी मला पहिल्यांदाच जवळून बघितलं. नखानं खरवडलं. लाल खपली निघाली.

घरी आल्यावर ती खपली त्यांनी कमलबाईंच्या तळहातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. "अगं बया, माझ्याच हातानं!" म्हणत त्या तशाच गाडीकडं आल्या. मग बांगडीला अडकवलेली पिन काढून रडत रडत तिन्ही भोकं मोकळी केली. राजेश्रीनं घरातून फोन लावला. महारुद्र गाडीतून एवढंच म्हणाला, "चुकलं माझं." शब्द न् शब्द मी तिला पोचवला.

परवा खंडेनवमी झाली. कमलबाई ताट घेऊन आल्या तसा माझा जीव घाबरला. पण त्यांनी डाव्या हातानं मला झाकलं आणि उजव्या हातानं स्टेअरिंगला कुंकू लावलं.

तरी माझा राग गेलेला नाही. रेंज गेली, बोलणं तुटलं की महारुद्रचा हात अजून खिशाकडं जातो. मग शेजारच्या सीटवरून माणिकरावांची काठी खाली आपटते आणि हात परत स्टेअरिंगवर येतो. पण माणिकराव काही रोज गाडीत नसतात. ते नसले की मी त्या हाताकडं बघत बसतो, आणि माझ्याजवळ काठी नाही.