माश्यांच्या घरातली आडफळी

मी एक फळी आहे. हातभर लांब, वीतभर रुंद. आता माझ्यावर हुरडा वाढतात, शेजारी शेंगदाण्याची चटणी ठेवतात. शहरातले पाहुणे माझा फोटोही काढतात. पण मी ताट व्हायला जन्मले नव्हते.

उजनीच्या पाण्याकाठी, टेंभुर्णीच्या अलीकडे कुंडलिकआबांचं शेत आहे. अकरा वर्षांपूर्वी त्यांनी मधमाश्यांची एक पेटी आणली. पेटीत पोळं बांधायच्या लाकडी चौकटी आठ आणि माश्या जेमतेम पाच चौकटी झाकतील एवढ्या. उरलेल्या जागेत थंडी शिरायची. आबा कमी शिकलेले, पण पेटीला कान लावून त्यांनी ते ओळखलं. घरातला एक मोडका पाट घेऊन ते बिरप्पा सुताराकडे गेले आणि पेटीत उभी बसेल अशी आडफळी कापून आणली. ती मी.

त्या दिवशी आबांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, सगळं घर डोक्यावर घेतलं.

"माझ्या लग्नातला पाट माश्यांला दिला व्हय?"

"मोडलेलाच हुता की."

"एवढ्या वर्षांत मला कदी इचारलं न्हाय, थंडी वाजती का म्हणून!"

आबा नुसते हसले. त्यांना उत्तर सुचायला वेळ लागतो, आणि सुचेपर्यंत वच्छलाबाई चुलीकडे गेलेल्या असतात.

माझं काम साधं होतं. पाच चौकटींच्या कडेला उभं राहायचं आणि माश्यांचं घर लहान ठेवायचं. माझ्यामागच्या रिकाम्या जागेत आबा उसाचं वाळलेलं पाचट कोंबत. करडई, शेवगा फुलला की राणी अंडी घालायचा सपाटा लावते. मग घरात पिल्लंच पिल्लं. काही पांढऱ्या अळ्या, काही मेणाच्या झाकणाखाली निजलेली. त्यांना स्वतःची ऊब नसते. माश्या त्यांच्यावर दाटीनं बसतात, अंग थरथरवतात आणि त्यांना ऊब देतात. ती थरथर माझ्या लाकडात उतरायची. आयुष्यात मला दुसरं सुख माहीत नाही.

आमच्याकडे माघात दुपारी ऊन चटके देतं, म्हणून थंडी गेली असं लोक धरून चालतात. सकाळी पाण्यावरून वारा सुटतो तेव्हा खरं काय ते कळतं. आबांची एक रीत होती. पेटीजवळ यायचं, सदरा काढायचा आणि उघड्या अंगानं थोडा वेळ उभं राहायचं. अंगावर काटा आला, तर झाकणाला हात लावायचा नाही. शिवरात्र होईपर्यंत मला तर हलवायचंच नाही. येणारेजाणारे हसत. आबा हसू देत.

यंदा आबांच्या मुलानं, इंद्रजीतनं, शेतात हुरडा पार्ट्या सुरू केल्या. मुलगा कष्टाळू आहे, वाईट नाही. पाहुणे सकाळी पाण्यावरचे फ्लेमिंगो बघत, मग हुरडा खात. एका रविवारी साताच्या सुमाराला तो दहाबारा जणांना घेऊन पेटीपाशी आला. वारा झोंबत होता. पाहुण्यांच्या डोक्यावर कानटोप्या होत्या, अंगावर शाली होत्या. इंद्रजीतनं जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली होती.

आबा हुरडा भाजायच्या आगटीजवळून उठून आले.

"इंद्रजीत, ऊन येऊ दे की. आत पिल्लं हायती."

"आबा, ही मंडळी नऊला निघणार. दोन मिन्टाचं काम हाय."

"आरं, पण गारठा..."

"तुमी आगटी बघा बरं. हुरडा करपंल."

पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "काका, चावतील म्हणून घाबरता काय?" सगळे हसले. चारचौघांत पोराला खाली बघायला लावणं आबांना जमलं नाही. ते परत गेले. त्यांनी सदरा काढायला हवा होता. सगळ्यांसमोर उघडं उभं राहायला हवं होतं. पण नाही राहिले.

झाकण निघालं. चौकटी काढायला अडचण होते म्हणून इंद्रजीतनं सगळ्यांत आधी मला उपसलं आणि गवतावर टाकलं. मग पिल्लांची भरलेली चौकट वाऱ्यात उंच धरली. "जवळून घ्या फोटो," म्हणाला. दोन मिनिटांची वीस झाली. परत ठेवताना पिल्लांनी भरलेल्या चौकटी कडेला गेल्या, मधानं भरलेल्या मध्यभागी आल्या. मी तशीच गवतावर राहिले. एक बाई म्हणाल्या, "अय्या, किती छान फळी! यावरच द्या ना हुरडा."

मला पुसलं, माझ्यावर गरम हुरडा ओतला. पेटी दहा पावलांवर होती. मी ऊबदार होते आणि आत जागा उघडी पडली होती. आबांनीही माझ्यावरचा मूठभर हुरडा उचलून एका पाहुण्याच्या हातावर ठेवला. त्यांनी मला ओळखलं नाही. मी आतच आहे, असं ते धरून होते.

पुढचे तीन दिवस थंडीची लाट आली. माश्या मधे गोळा झाल्या. कडेच्या पिल्लांपर्यंत त्या पुरल्या नाहीत. चौथ्या दिवशी आबांना पेटीच्या दाराशी पांढरी पिल्लं पडलेली दिसली. माश्याच ओढून बाहेर टाकत होत्या. दुपारी ऊन चढल्यावर आबांनी सदरा काढला, उभे राहिले आणि मग झाकण उचललं. माझी जागा मोकळी होती.

मी स्वयंपाकाच्या छपरात चटणीच्या खलाखाली सापडले. आबांनी मला धोतरानं घासघासून पुसलं, चौकटी लावल्या आणि मला आत बसवलं. पण माझ्या अंगात तेल आणि लसूण मुरला होता. माझ्या बाजूला एकही माशी बसली नाही. दोन दिवसांनी सगळं मोहोळ उठून गेलं.

"फळी आत ठिवायची ऱ्हायली तेवढी," इंद्रजीत मान खाली घालून म्हणाला. "दुसरी पेटी आणू की, आबा."

"आनशील रं," आबा म्हणाले. "मला ठावं हुतं, आन् मी हुरडा भाजत बसलो." वच्छलाबाईंनी चहा पुढं ठेवला आणि शेजारी बसल्या.

आता मी पुन्हा ताट झाले आहे. पाहुण्यांना आवडते म्हणून इंद्रजीतनं माझ्यासारख्या आणखी चार फळ्या करून घेतल्या. शेताच्या फाटकावर फ्लेक्स लागलाय. त्यावर वाऱ्यात उंच धरलेली तीच चौकट आहे, पिल्लांनी भरलेली. पाहुणे विचारतात, "माश्या कुठंयत?" इंद्रजीत म्हणतो, "सीझन न्हाय."

आबा आगटीपाशी बसून असतात. लाकूड सारताना अधूनमधून माझ्याकडे बघतात. आबा, तुम्हाला उत्तर सुचायला वेळ लागतो, म्हणून माझं काय करायचं ते मीच सांगते. मला उचला आणि आगटीत घाला. मी वाळलेली आहे, अंगात अजून थोडं मेण आहे, चांगली पेटेन. जिथं उभं राहायचं तिथून मी हलले; आता खाऊन हात धुऊन जाणाऱ्यांचं ताट होऊन राहण्यात काय आहे? जाळा मला. तेवढीच कुणाला तरी ऊब मिळेल.