धार न लागणारी कात्री

मित्रांनो, मी सांगते त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही, तरी ऐका. मी एक जुनी कात्री आहे आणि मी एका दिवसात चारशे शर्ट बेतले आहेत. तेही जेवणाची सुट्टी धरून!

माझ्या मालकीणबाईंना सगळी गल्ली शिवणमावशी म्हणते. येईल त्या गिऱ्हाइकाला त्या माझं कौतुक सांगत, "वीस वर्षांत हिला एकदाही धार लावली नाही!" ते ऐकून मी इतकी फुगायचे की माझी पाती मिटायची नाहीत.

पण धार केव्हाच गेली होती. मधला स्क्रू गंजून आवळला होता. मी कापड कापत नव्हते, चावत होते. मावशी मूठ आणखी घट्ट आवळत. मला सगळं कळत होतं. कौतुक जाईल म्हणून मी गप्प बसले. हे सांगताना आजही मान वर होत नाही.

एके दिवशी मावशींच्या हातून चहाची किटली निसटली. कोपराच्या बाहेरच्या बाजूने कळ मनगटापर्यंत गेली.

"आई, दाखवून येऊ," मुलगी म्हणाली.

"काही नको. तेल चोळते, राहील."

तेल चोळायचं आणि पुन्हा बेतायला बसायचं, असे दोन महिने गेले. शेवटी कुलपात किल्लीही फिरवता येईना, तेव्हा त्या रडवेल्या झाल्या. "बेतणंच सुटलं तर मी करू काय गं?"

मुलीने त्यांना फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेलं. कशाने बेततात ते दाखवायला मलाही पिशवीत घातलं.

बाईंनी कोपर दाबून पाहिला. "मनगट उचलणारे स्नायू इथे कंडरेने हाडाला जोडलेले असतात. जोर लावून तेच ते काम केलं की ती दुखावते. नुसतं चोळून भागणार नाही, आणि हात गळ्यात बांधूनही बसायचं नाही. बेतणं कमी करा, कोपराखाली पट्टा बांधा. हलकं वजन घेऊन मनगट सावकाश खाली सोडायचं, रोज. काही महिने लागतील, पण हात सुधारेल."

मग त्यांनी मला दात-ओठ खाऊन उघडलं. "ही कात्री आहे की पक्कड?"

मी लाजेने तांबडी झाले. काही जण म्हणतात तो गंज होता.

मावशी रोज पाण्याची छोटी बाटली धरून व्यायाम करू लागल्या. आता किटली उचलता येते, थोडं बेततातही. आणि मी? दुसऱ्याच दिवशी टेबलावरून उडी मारली, जिना उतरले आणि धारवाल्याच्या चाकाखाली मान दिली. तेव्हा मित्रांनो, चूक कळली की अशी धावत जाऊन सुधारा, माझ्यासारखी...

"खोटं!" खणातून टेप ओरडली. तिला पाव इंचाचाही फरक खपत नाही. "चारशे शर्टांचं मी सोडून दिलं. पण धारवाला दारात आला तेव्हा तू चिंध्यांच्या ढिगात दडलीस! मावशींनी दुखऱ्या हाताने ढीग उपसला. मी तुझ्या मुठीत अडकले होते, माझं टोक दिसलं म्हणून सापडलीस. वर त्याच तुला म्हणाल्या, 'चुकलं गं माझं, तुझ्याकडे लक्षच दिलं नाही.' आणि तेव्हाही तू गप्प!"