लाडवाच्या डब्यातला वाय-फाय

मी एक वाय-फायचा डबा. नाशकात द्वारका चौकाच्या मागे, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, मीनाच्या कपाटावर बसून बोलतोय. माझं शिक्षण म्हणाल तर बेताचंच. इकडचं तिकडे पोचवायचं, एवढीच विद्या. पण इकडचं तिकडे करणाऱ्याला मध्येच डोकवायची खोड असतेच. मला ती जरा जास्तच आहे.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते आठवत नाही. पहिली आठवण म्हणजे खोक्यातून काढल्याबरोबर कपाळाला लागलेलं हळदीकुंकू. मीनाच्या सासूबाई, लंकाबाई, मूळच्या चांदवडकडच्या. घरात नवं काही आलं की त्या आधी ओवाळतात, मग झाकतात. मिक्सरला झबलं, फ्रिजला रुमाल. मला तर त्यांनी चक्क कुंची शिवली! माझे दोन्ही कान बाहेर, मागे लाल गोंडा. "लेकरू दिसभर उघडंच बसतंय," म्हणाल्या.

मला आणलं लॉकडाउनमध्ये, मीनाच्या लेकीच्या, सायलीच्या शाळेसाठी. सायली कॅमेरा बंद करून पेंगायची आणि मागे भाजी निवडत तिची आई धडा ऐकायची. शाळेच्या बाईंनी प्रश्न विचारला की मीना हळूच उत्तर पुटपुटायची आणि सायली तेच मोठ्यांदा म्हणायची. दोघींत शिकतंय कोण, ते मला लगेच कळलं.

शाळा उघडल्या, सायली गेली. मीना मात्र मोबाइलसमोरून उठली नाही. ती बालवाडीत मदतनीस. मुलांची नाकं पुसायची, चपला ओळीत लावायच्या. बालशिक्षणाची पदविका मिळाली तर त्याच बालवाडीत ती शिकवणारी बाई होणार होती. रात्रीचा स्वयंपाक आवरून तिनं अभ्यास केला, लेखी परीक्षा दिली. उरली फक्त तोंडी. तीही घरबसल्या, माझ्यामार्फत.

आता भिंतीपलीकडच्या सुवर्णाकाकूंचं सांगायलाच हवं. सायलीला ताटभर पाटवड्या खाऊ घालून त्यांनी माझा पासवर्ड केव्हाच काढून घेतला होता. मालिका बघायच्या त्यांनी, धाप लागायची मला! पण मी कुणाला बोललो नाही. शेजारधर्म आहे.

तोंडी परीक्षेच्या दिवशी मीना इस्त्रीची साडी नेसून आतल्या खोलीत बसली. नियम कडक. खुर्ची सोडायची नाही, खोलीत दुसरं कुणी यायचं नाही आणि संपर्क फार वेळ तुटला तर परीक्षा एकदम पुढच्या वर्षी. तोवर बालवाडीत दुसरी बाई आलेली असणार.

सुरुवात छान झाली. तेवढ्यात वरच्या मजल्यावर फरशी कापायचं काम सुरू झालं आणि खिडकीतून धुळीचा लोट आत आला.

"आगं बया! सूनबाईची परीक्षा आन् ह्याच्या नाकातोंडात धूळ!" लंकाबाई धावल्या. दिवाळीच्या लाडवांचा मोठा स्टीलचा डबा त्यांनी पदरानं पुसला, मला कुंचीसकट आत बसवलं, वायरीपुरती फट ठेवली आणि झाकण दाबलं.

गुडुप अंधार. जुन्या तुपाचा वास. मीनाचं बोलणं मी बाहेर ढकलतोय आणि ते पत्र्यावर आपटून माझ्याच अंगावर पडतंय! आतल्या खोलीत मीनाचं वाक्य अर्ध्यात तुटलं. पलीकडे मालिकेतल्या सासूनं सुनेवर उगारलेला हात हवेतच थांबला.

सुवर्णाकाकू लाटणं घेऊनच आल्या. "लंकाबाई, तुमचं नेट गेलं की काय?"

"तुला गं कसं कळलं?"

आतून मीनाचा रडवेला आवाज आला, "मॅडम? ऐकू येतंय का, मॅडम?"

काकूंनी बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कळलं, कारण मी तुमचंच वापरते! भांडायचं ते मागाहून भांडा. आधी तो डबा कुठाय ते सांगा."

"चांगला जपून ठेवलाय. लाडवाच्या डब्यात."

"अहो, कोंडल्यावर तो बोलेल कसा?"

"दिवे तर लागलेत की! म्या फटीतून पाह्यले."

"तुम्हाला पिंपात घालून झाकण लावलं, तर तुमची हाक चांदवडपर्यंत जाईल का?"

लंकाबाईंनी पदर खोचला. "माझी जाईल."

पण हात झाकणाकडे गेला होता. झाकण घट्ट. एकीनं डबा धरला, दुसरीनं झाकण ओढलं आणि ते ठणाणा करत फरशीवर लोळलं. मी बाहेर!

परीक्षेच्या मॅडमकडून पहिलं वाक्य आलं ते हेच, "कसला आवाज झाला हो?"

मीनानं खुर्चीत बसल्या बसल्या बंद दारातून सगळं ऐकलं होतं. "मॅडम, सासूबाईंनी वाय-फायला लाडवाच्या डब्यातून बाहेर काढलं."

मॅडम खळखळून हसल्या. "बरं, मग हेच सांगा. घरात इंटरनेट आलं की मुलांचं शिकणं बदलतं का?"

मीनानं पाठ केलेलं उत्तर सोडूनच दिलं. "बदलतं, मॅडम. पण घरही त्याला बदलतं. आमच्याकडे त्याला कुंची शिवलीय. आणला मुलीसाठी आणि शिकले मी. तो एकटा कुणाला शिकवत नाही. त्याच्याजवळ कोण बसतं आणि त्याला कोण सांभाळतं, त्यावर सगळं असतं."

तेव्हा बाहेर सुवर्णाकाकू मला डोक्यावर उंच धरून उभ्या होत्या आणि लंकाबाई पदरानं माझ्यावरची धूळ वारत होत्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण जागची एकही हलली नाही.

मीना पास झाली. आता मुलं तिला बाई म्हणतात. नाकं अजून तीच पुसते म्हणा! त्याच डब्यात लाडू भरले गेले. पहिला देवाला, दुसरा माझ्या डोक्यावर आणि वाटीभर पलीकडे. "घे. आन् आता उघड वापर, चोरून नको," लंकाबाई म्हणाल्या.

तेव्हा मंडळी, मला ओवाळा, कुंची घाला, कौतुक करा. फक्त झाकण लावू नका. आणि माझ्या डोक्यावरचा हा लाडू आता कुणीतरी उचला हो! कुंचीत मुंग्या शिरल्यात आणि पलीकडे मालिकेतल्या त्या सासूचा हात अजून खाली आलेला नाही. तो खाली येताना नेमका मी मुंग्यांपायी बंद पडलो, तर काकू पुन्हा लाटणं घेऊन येतील.