जेवण : पूर्ण

डबा रिकामा आला होता आणि शिवाय धुतलेला. अक्काने झाकण उघडून आत पाहिलं, कोपऱ्यातून बोट फिरवलं आणि समाधानाने वहीत लिहिलं : ‘जेवण : पूर्ण.’

“आवडलं का रे आजचं?”

“आज बटाटे होते,” छोटू म्हणाला.

हे काही उत्तर नव्हे. पण छोटू त्रेचाळीस वर्षांचा होता आणि त्याची असली उत्तरं ऐकून घ्यायची अक्काला तेवढ्याच वर्षांची सवय होती. तिने ‘आवडलं’ असा अर्थ काढला आणि पुढचा रकाना घेतला. ‘दुपार : चिडचिड. कामात लक्ष नाही.’ ही बातमी दुकानाच्या मालकीणबाईंनी फोनवर दिली होती. त्यापुढचा रकाना ‘गोळ्या.’ तिथे तिने दोन बरोबरच्या खुणा केल्या. एक सकाळची, एक दुपारची. सकाळची ती स्वतः हातावर ठेवायची. दुपारची कागदाच्या पुडीत बांधून डब्यासोबत द्यायची.

अक्का एका हॉस्पिटलच्या कापडी सामानाची स्टोअरकीपर होती. चादरी, अभ्रे, सर्जनचे हिरवे डगले, सगळं तिच्या सहीनेच बाहेर पडायचं. एकदा म्हणे एक सर्जन डगल्यासाठी हात वर धरून उभा होता, आणि अक्का त्याला सांगत होती, “आधीचे दोन परत आलेले नाहीत.” ही गोष्ट ती स्वतः नाकारायची, पण नाकारताना हसायची. असली बाई भावाच्या औषधाची वही ठेवणार म्हटल्यावर ती वही कशी असेल ते सांगायला नको. सात रकाने, लाल शाईने आखलेले आणि पानावर क्रमांक.

छोटू वजनकाटे दुरुस्त करायचा. किराणावाल्यांचे, औषधवाल्यांचे, सोनारांचे, दवाखान्यांत बाळांना ज्यात निजवतात ते पाळण्यासारखेसुद्धा. दुकानात त्याला ‘ग्रॅम’ म्हणत, कारण कुणी “पावशेरभर उशीर झाला” असं गमतीने म्हटलं तरी तो ‘पावशेर हे वेळेचं माप नाही’ म्हणून सांगायचा. हात असा की बिघडलेला काटा नुसता उचलला की कुठे अडतंय ते त्याला कळायचं. अडचण एकच. एक काटा उघडला की दुसऱ्याची आठवण, दुसरा उघडला की तिसऱ्याचा स्क्रू. संध्याकाळी त्याच्या टेबलावर सहा काटे पोटं उघडी टाकून पडलेले आणि पूर्ण एकही नाही.

“मला तो आवडतो हो,” मालकीणबाई अक्काला म्हणाल्या होत्या. “पण गिऱ्हाइकाला मी काय सांगू? तुमचा काटा आमच्या ग्रॅमला आवडला, म्हणून उघडून ठेवलाय? तीन महिने बघते. नाही जमलं तर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल.”

अक्काला निवृत्त व्हायला आठ महिने होते. ते टेबल गेलं तर छोटूला दुसरं टेबल कोण देणार, आणि आपण नसल्यावर त्याला सकाळी उठून जायला जागा कुठली, हा हिशेब तिने कुठल्याच वहीत मांडला नव्हता. तो तोंडपाठ होता.

म्हणून डॉक्टर. छोटू स्वमग्न आहे हे कागदावर यायलाच चाळिशी उलटली होती. या डॉक्टरबाईंनी त्याला आणखी एक कागद जोडला, लक्ष टिकत नसल्याचा, आणि गोळी सुचवली.

“उत्तेजक औषध आहे,” त्या म्हणाल्या.

“अहो, जो एका जागी बसतच नाही त्याला आणखी उत्तेजन?”

“नावावर जाऊ नका. लक्ष धरून ठेवायला मदत करतं. मात्र स्वमग्न माणसांना कधी चांगलं लागू पडतं, कधी बेताचंच, आणि त्रास इतरांपेक्षा जरा जास्त होऊ शकतो. भूक मरते, चिडचिड होते, काहीजण गप्प होतात. म्हणून लहान गोळीपासून सुरुवात. सकाळी नाश्त्यानंतर एक, दुपारी जेवणानंतर एक. आणि नोंद ठेवायची.”

नोंद म्हटल्यावर अक्काने पर्समधून वही काढलीच होती.

“बरं, वजन करू या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. छोटू काट्यापाशी गेला, वाकून पाहिलं, अंगठ्याने कड दाबली आणि परत येऊन बसला.

“हा आठशे ग्रॅम जास्त दाखवतो. मी उभा राहणार नाही.”

“अंदाजे कळलं तरी चालेल.”

“अंदाजे वजन नसतं.”

डॉक्टरबाई हसल्या आणि वजनाची चौकट तशीच मोकळी राहिली.

पहिले दोन आठवडे अक्काची वही पाहण्यासारखी होती. ‘सकाळ : उत्तम. तीन काटे पूर्ण.’ ‘सकाळ : उत्तम. चार.’ मालकीणबाईंनी स्वतःहून फोन केला, “काय जादू केलीत?” घरातही फरक पडला. छोटूचं गुणगुणणं थांबलं. त्याला एक सूर होता, एकच, जुन्या फ्रिजसारखा नाकातून येणारा. तो त्याने लहानपणापासून धरलेला. अक्काने आयुष्यात किमान हजार वेळा “बंद कर रे ते” म्हटलं असेल. आता सकाळी तो बंद असायचा. पहिल्या दिवशी तिला हायसं वाटलं. चौथ्या दिवशी ती उठून फ्रिज चालू आहे ना ते पाहून आली.

गुणगुणण्याला वहीत रकाना नव्हता.

दुपारी मात्र गाडी रुळावरून घसरायची. तीन वाजता छोटू हातोडी आपटायचा, कुणी बोललं तर पाठ फिरवायचा. फक्त रविवार बरा जायचा. ‘रविवार : उत्तम. विश्रांतीचा परिणाम,’ अक्काने शेरा मारला. महिन्याच्या शेवटी डॉक्टरबाईंनी पानं उलटून पाहिली. गोळ्या वेळेवर, जेवण पूर्ण, सकाळ चांगली, दुपार वाईट. “औषध पुरत नाहीये,” त्या म्हणाल्या. “सकाळची जरा वाढवू.” छोटू शेजारीच बसला होता, खिडकीच्या बिजागरीकडे बघत. त्याला कुणी काही विचारलं नाही. वही एवढी बोलकी होती की माणसाची गरजच पडली नाही.

वाढवलेल्या गोळीच्या सहाव्या दिवशी मालकीणबाईंचा फोन आला. “जेवायच्या सुट्टीत येऊन जाता का? आज. मी त्याच्याशी बोलून दमले.”

अक्का पोचली तेव्हा छोटू टेबलाशी पाठमोरा होता. समोर एकच काटा. अंगठ्याच्या कडेची कातडी कुरतडून लाल झालेली.

“आधी सहा उघडे असायचे,” मालकीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. “आता एकच, पण हा तिसरा दिवस! कांदे मोजायचा काटा आहे हो तो. याला तो सोनाराच्या काट्यापेक्षा अचूक करायचाय. काढून घ्यायला गेले तर थरथरायला लागला. मला भीती वाटली, खरं सांगते. काट्याची नाही, त्याची.”

अक्का पुढे होणार तेवढ्यात तिची नजर मागच्या दारापाशी गेली. तिथे पायरीवर दुकानाचा वेल्डर बसला होता आणि तिच्याच डब्यातलं अंडं तोंडात टाकत होता.

वेल्डरने अक्काला पाहिलं. अंडं आत होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. त्याने अर्धवट उठून डबा पाठीमागे लपवला.

“ताई, चोरी नाही हां,” गिळून झाल्यावर तो म्हणाला. “ग्रॅमच देतो. रोज. मी धुऊन देतो की!”

“रोज?”

“सव्वा महिना झाला. तुमच्या हाताला चव आहे, खोटं कशाला बोलू. माझी बायको म्हणते तुमचं पोट सुटलंय.”

अक्का भावाकडे वळली. आवाज चढवायचा नाही, हे तिने चाळीस वर्षांत शिकलेलं होतं. ती त्याच्या बाजूला, थोडी मागे उभी राहिली.

“छोटू, डबा का खात नाहीस?”

“दुपारी भूक नसते. घास तोंडात कापडासारखा होतो.”

“मग परत का नाही आणलास?”

“तू म्हणालीस, डबा भरलेला परत आला तर मी जेवणार नाही. अकरा तारखेला म्हणालीस.”

म्हणाली होती. रागाच्या भरात, सगळ्या आया-बहिणी म्हणतात तसं. विसरूनही गेली होती. तो विसरला नव्हता, आणि बहीण उपाशी राहू नये म्हणून त्याने त्यातल्या त्यात सरळ तोडगा काढला होता.

“आणि दुपारची गोळी?”

छोटूने खण उघडला. पितळी वजनांची लाकडी पेटी काढली. लहान वजनांच्या खाचांमध्ये, जिथे एक ग्रॅम, दोन ग्रॅम बसतात तिथे, गोळ्या एकीला एक चिकटून ठेवलेल्या होत्या.

“एकोणतीस,” तो म्हणाला. “जेवणानंतर एक. जेवण झालं नाही. एक दिवस झालं, त्या दिवशी घेतली. वेल्डर आला नव्हता.”

अक्का मोजत बसली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिने कुणाचा आकडा न मोजता मान्य केला. चादर बाहेर गेली की वॉर्डातून पोच आल्याशिवाय ती कुणाला सोडायची नाही, आणि इथे सव्वा महिना नुसती जावक लिहीत होती. रविवारी ती समोर बसायची म्हणून तो कसाबसा जेवायचा, मग गोळी घ्यायचा, मग दुपार नीट जायची. विश्रांतीचा परिणाम! बाकी सहा दिवस सकाळच्या गोळीचा अंमल उतरायचा, पोटात काही नसायचं, आणि त्या रिकाम्या पोटाला सगळे चिडचिड म्हणत होते. त्यावर इलाज म्हणून गोळी वाढवली ती तिच्या सुबक वहीच्या भरवशावर.

“सांगितलं का नाहीस रे?”

“लिहिलंय की.”

त्याने बोट दाखवलं. कोपऱ्यात पोती तोलायचा मोठा काटा होता, आणि त्याच्यामागच्या भिंतीवर पेन्सिलीने आकड्यांची एक रांग वरून खाली आलेली होती. रोज सकाळचं त्याचं स्वतःचं वजन, तारखेसह. अडुसष्ट चारशे. अडुसष्ट शंभर. सदुसष्ट सहाशे. अगदी खाली, आजचं : चौसष्ट नऊशे.

“हे मला वाटलं पोत्यांचं काहीतरी असेल,” मालकीणबाई पुटपुटल्या.

अक्काने भिंतीवरची रांग बोटाने वरपासून खालपर्यंत वाचली. खाडाखोड नव्हती. रविवार सोडला तर एक दिवस चुकला नव्हता. वही कशी ठेवावी, तर अशी.

दुसऱ्याच सकाळी दोघं डॉक्टरबाईंकडे गेले. छोटूने सोबत स्क्रू ड्रायव्हर आणि एक किलोचं पितळी वजन आणलं होतं. कुणाला न विचारता तो दवाखान्याच्या काट्यापाशी उकिडवा बसला. डॉक्टरबाई काही बोलायला गेल्या, पण अक्काने हाताने थांबवलं. दहा मिनिटं बाहेरचे पेशंट ताटकळले. मग त्याने वजन ठेवलं, पाहिलं, उचललं, पुन्हा ठेवलं आणि स्वतः वर उभा राहिला.

“चौसष्ट आठशे.”

डॉक्टरबाईंनी मोकळी राहिलेली चौकट भरली. मग वही बाजूला सारली आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. “चूक माझी आहे. मी वहीला विचारत बसले. आता तुम्ही सांगा.”

छोटू बिजागरीकडे बघत बोलला, पण नीट बोलला. “लहान गोळी घेतली की डोक्यातले बाकीचे काटे थांबतात. एकच राहतो. बरं वाटतं. मोठी घेतली की तो एक सोडवत नाही. आणि छाती जोरात चालते.”

“मग पूर्वीची लहान परत सुरू करू. दुपारची?”

“दुपारची नको. दुपारी भूक हवी. आणि गुणगुणायला हवं.”

“सकाळी गुणगुणता येत नाही, ते चालतं?”

त्याने बराच विचार केला. “सकाळी चालतं. काम असतं.”

अक्काने मान खाली घातली. आपण ज्या गोष्टीला रकानासुद्धा दिला नाही, तिची त्याने किती बारीक वाटणी करून ठेवली होती.

“नाश्ता भरपूर करा, गोळीच्या आधी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “छातीची धडधड मी आत्ता बघते. आणि पंधरा दिवसांनी तुम्ही स्वतः येऊन सांगायचं.”

निघताना अक्काने मालकीणबाईंना फोन लावून नवी आखणी सांगितली. सकाळी एकामागून एक तीन काटे, एक पूर्ण झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही. दुपारी वजनांची साफसफाई आणि पडताळणी, त्यात त्याचा हात कुणी धरत नाही.  “बघू,” मालकीणबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “टेबल त्याचंच ठेवते. वेल्डरला मात्र तुम्हीच समजवा.”

अक्का हसली. फोन ठेवून मागे वळली, तर छोटू पुन्हा काट्यापाशी उभा होता.

“अक्का, तू.”

“मी कशाला? मी काय पेशंट आहे?”

“उभी राहा.”

तिने चपला काढल्या आणि उभी राहिली. छोटू वाकला.

“छप्पन्न सातशे. मागच्या वर्षी दुकानात आली होतीस तेव्हा एकोणसाठ दोनशे होतीस. अडीच किलो गेले.”

 छोटूने टेबलावरची वही उचलली, लाल शाईच्या सात रकान्यांवरून नजर फिरवली आणि पान उलटलं. कोऱ्या पानावर त्याने पट्टी न लावता एक सरळ रेघ मारली, वर ‘अक्का’ लिहिलं, खाली आकडा लिहिला. नाकातून तो जुना सूर हळूच सुरू झाला होता. आज त्याने गोळी घेतली नव्हती.

“काल रात्रीचं जेवण?” त्याने विचारलं.

‘पूर्ण’ हा शब्द अक्काच्या ओठांवर आयताच होता. छोटू पेन्सिल टेकवून थांबला होता. त्याला घाई नव्हती.

“अर्धं,” अक्का म्हणाली.

त्याने तसं लिहिलं.