धरणारी, चालणारी

तिनं चादरीचे दोन कोपरे चिमटीत धरून हिसका दिला. पलीकडच्या टोकाला वहिनी होती. तिनंही दिला.

अजून चौदा.

इस्पितळाच्या चादरींना दोघीजणी लागतात. एकीनं जागेवर धरायची. दुसरीनं चालत येऊन आपले कोपरे तिच्या हाती द्यायचे, वाकून लोंबती कड उचलायची. वहिनी लग्न होऊन या घरात, म्हणजे या धुलाईच्या दुकानात आली, त्याच आठवड्यात ठरून गेलं होतं. नणंद धरणारी, वहिनी चालणारी. कुणी ठरवलं, कुणाला आठवत नव्हतं. एकोणीस वर्षं.

आली. कोपरे दिले. वाकली. गेली.

"घड्या घालायचं यंत्र निघालंय म्हणे," वहिनी म्हणाली. "घेऊन टाका, वन्सं. मी काही आता नसणार."

"यंत्राला डाग दिसत नाहीत."

अजून नऊ.

वहिनीची बॅग दाराशी होती. गाडी चारची. दादाला जाऊन पाच महिने झाले होते. घराची घडीच विस्कटली, आता मी कशाला अडगळ, असं वहिनी चार दिवसांपूर्वी म्हणाली होती. त्यावर ती नुसतं 'बरं' म्हणाली होती. ते 'बरं' तेव्हापासून तिला परत घ्यायचं होतं.

आली. दिले. वाकली.

"दादानं एकदा घातली होती घडी," ती म्हणाली.

"घडी कसली, गाठोडं. त्यात त्यांचा चष्मा गेला, तो इस्पितळानं परत पाठवला."

"आणि हा तीन दिवस मलाच विचारतोय, कुठे ठेवलास म्हणून."

दोघी हसल्या. मग चादर मध्येच लोंबत राहिली. कुणी हलेना.

अजून एक.

हिसका. कोपऱ्याला कोपरा. वहिनीनं सवयीनं पाऊल उचललं.

"थांब, वहिनी."

ती स्वतः निघाली. सहा पावलं. इतकं अंतर असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. कापड जमिनीला टेकू नये म्हणून हात वर धरून चालावं लागतं, खांदे भरून येतात, हेही तिला आजच कळत होतं. पोचली. आपले कोपरे वहिनीच्या बोटांत दिले.

वहिनीला ते नीट धरता येईनात.

"मला नाही हो सवय धरायची."

"होईल," ती म्हणाली आणि खाली लोंबणारी कड उचलायला वाकली.