इवोनेतीचं उसनं नाव

फ्रीझर घ्यायला गेलेल्या इवोनेतीला दुकानातल्या पोरीने कॉम्प्युटरकडे बघत, आवाज खाली आणून सांगितलं, "बाई, तुमचं नाव खराब आहे." आवाज खाली आणला खरा, पण मागच्या रांगेला ऐकू जाणार नाही एवढा नाही. पातोस गाव तसं बरं आहे, पण इथल्या रांगेतल्या माणसांना देवाने कान जरा जास्तच चांगले दिलेत.

"माझं नाव? मी आजवर कुणाची दमडी बुडवली नाही."

"स्पीकर घेतलेत तुम्ही, बाई. मोठे. हप्ते थकलेत."

इवोनेतीच्या डोळ्यांसमोर तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा उभा राहिला. जेनिवाल. मागच्या वर्षी हा गृहस्थ दात काढत आला होता. "ताई, माझं नाव आधीच काळ्या यादीत आहे, तुझं जरा उसनं दे. हप्ते मीच भरणार." पातोसात लोक वाटीभर साखर मागावी तसं नाव मागतात, आणि देणारे देतातही, कारण नाही म्हटलं की घरात तोंडं फुगतात. हिनेही दिलं. तेव्हापासून गाडीच्या डिकीत कपाटाएवढे स्पीकर बसवून जेनिवाल दर रविवारी गाव हादरवत होता. हप्ते तेवढे भरत नव्हता.

इवोनेतीचं पोट घराच्या खिडकीतून विकलेल्या दिंदिंवर चालायचं. लांबट प्लास्टिकच्या पिशवीत गोठवलेला आंब्याचा नाहीतर काजूच्या बोंडांचा रस. पोरं दाताने टोक तोडायची आणि चोखत उन्हात हिंडायची. जुना फ्रीझर नेमका आत्ता बसला, शाळांना सुट्टी लागली असताना, डिसेंबरचं ऊन डोकं फोडत असताना; इकडे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. याच दिवसांत कमवायचं आणि वर्षभर खायचं. नवा फ्रीझर मिळाला नाही तर खिडकीवरची पाटी काढून लोकांची धुणी धुवायची पाळी होती.

ती तडक जेनिवालकडे गेली. तो गाडी पुसत होता. बायकोच्या पाठीवरून एवढ्या मायेने त्याने कधी हात फिरवला नसेल.

"पुढच्या महिन्यात नक्की, ताई. सध्या माझी परिस्थिती..."

"परिस्थितीला काय धाड भरलीये? ढेरी तर चांगली वाढलीये."

भांडून काही हाती लागणार नाही, हे तिला कळत होतं. या माणसाच्या खिशात काहीच नव्हतं. होती ती नुसती ऐट. मग ऐटच कामाला लावू, असं तिने परतताना ठरवलं आणि रस्त्यात एकटीच हसली.

दुसऱ्या दिवशी ती गोड तोंडाने हजर.

"जेनिवाल, खाटकाला नाताळच्या कोंबड्यांची जाहिरात गावभर फिरवायचीये. मी म्हटलं, आवाज हवा तर आमच्या जेनिवालचा. तो खरं तर रेडिओवरच हवा होता."

"असं म्हणालीस?" त्याने केस मागे सारले. "आणि पैसे?"

"पेट्रोल मी घालते. बाकीचं माझ्यावर सोड. नाताळपर्यंत सगळं चुकतं करते."

कोंबड्या झाल्या, चपलांचा सेल झाला, मग मयताच्या घोषणा आल्या. पातोसात कुणी गेलं की गाडीवरून गल्लोगल्ली कळवतात, आणि जुना घोषणावाला दम्याने घरी बसला होता. जेनिवालला वाचायचा कंटाळा, म्हणून गिऱ्हाईक शेजारी बसून एकेक तुकडा सांगायचं आणि हा तो माईकवर म्हणायचा. मयताला त्याचा गळा असा दाटून यायचा, की गेलेल्याशी ज्यांचं उभं वैर तेही दारात येऊन डोळे टिपायचे. आपण काय बोलतोय याकडे मात्र त्याचं लक्ष नसायचं. लक्ष सगळं कोण कोण बघतंय तिकडे.

पैसे इवोनेती घ्यायची आणि थेट दुकानात नेऊन भरायची. नाताळच्या आधी थकलेले हप्ते फिटले. पुढचे तिने पुढच्या मयतांवर सोपवले आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

"बाई, तुमचं नाव स्वच्छ आहे," पोरगी म्हणाली.

"जरा मोठ्याने सांग की. त्या दिवशी कसं सगळ्यांना ऐकू गेलं होतं."

पोरीने मोठ्याने सांगितलं. बाहेर आल्यावर इवोनेती भिंतीला टेकून जरा रडली. मग नाक पुसलं आणि फ्रीझर आणणाऱ्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

नाताळ उलटला आणि जेनिवाल मजुरी मागायला आला. सोबत त्याची बायको मार्लूसी, इवोनेतीची बहीण. इवोनेतीने त्याच्यापुढे हप्त्यांच्या पावत्या मांडल्या.

"ही घे तुझी मजुरी."

जेनिवालने पावत्या उलटसुलट करून पाहिल्या. पण लाज हा प्रकार त्याच्याकडे फार वेळ टिकत नसे. "म्हणजे नाव आता मोकळं झालं म्हण की. मग ताई, एक नवा माईक घ्यायचा होता. हप्त्याने. नाव फक्त तुझं."

मार्लूसीचं तोंड आत्ताच फुगायला लागलं होतं. इवोनेतीच्या जिभेवर 'बरं' आलं होतं, अगदी मागच्या वर्षीसारखं. तिने ते गिळलं.

"माईकचं नंतर बघू. आधी एक घोषणा आहे. मयताची."

"कोण गेलं?"

"सांगते. गाडी काढ."

इवोनेतीच्याच गल्लीच्या तोंडाशी त्याने गळा दाटून आणला. ती शेजारी बसून सांगत गेली, तो म्हणत गेला.

"कळवण्यास अत्यंत दुःख होतं की..." दारं उघडली. "आपल्या दिंदिंवाल्या इवोनेतीबाई यांचं..." कुणीतरी छातीवर क्रूस काढला. "उसनं द्यायचं नाव... आज सकाळी वारलं. त्याच्या पश्चात बहिणीचा नवरा, दोन स्पीकर आणि न घेतलेला एक माईक असा परिवार आहे."

'परिवार' तोंडातून निघून गेल्यावर त्याच्या डोक्यात उजेड पडला. गल्ली हसून लोळायची तेवढी बाकी होती, आणि दारात उभ्या मार्लूसीचं फुगलेलं तोंड हसून फुटलं ते सगळ्यांत मोठ्याने. इवोनेतीने माईक त्याच्या हातातून काढून घेतला.

"शोक करायला येणाऱ्यांनी माझ्या खिडकीशी यावं. दिंदिं गार आहेत. उधारी बंद."

पोरं धावली. पण सगळ्यांच्या आधी खिडकीशी जेनिवाल पोचला होता, मान खाली घालून.

"आंब्याचं दे एक, ताई," तो म्हणाला, आणि दोन्ही खिसे चाचपून त्याने चिल्लर मोजून खिडकीत ठेवली.